खाडीकाठची न्याहारी

तेल सापडण्याआधी दुबईत नुसती वाळू होती, असं आपली माणसं सर्रास म्हणतात. मी देऱ्याच्या धक्क्यावर गलबतांत चढणाऱ्या मालाचे कागद करतो. वाळूचं ते वाक्य मला मनापासून खटकतं. म्हणून मुंबईहून कोणी पाहुणा आला की उंच मनोरे दाखवण्याआधी मी त्याला खाडीपलीकडे, बर दुबईतल्या एका साध्या हॉटेलात इमिराती न्याहारीला नेतो.

आधी बलालीत येते. साखर, वेलची, केशर आणि गुलाबपाणी घातलेल्या शेवया, आणि त्यांच्यावर पसरलेलं खारट ऑम्लेट. गोडाबरोबर अंडं पाहून पाहुणा बिचकतो, मग बशी पुसून खातो. शेजारी चबाब असतात, म्हणजे केशर-वेलचीचे जाडसर घावन. त्यांच्यावर खजुराचा काळा पाक, दिब्स. हा पाक जुन्या घरांत मदबसा नावाच्या खोलीत निघत असे. खोलीच्या जमिनीला पन्हळी पाडलेल्या, त्यांवर खजुराच्या गोण्यांची थप्पी. वरच्या भाराने आणि उन्हाळ्याच्या उष्म्याने पाक पाझरायचा आणि पन्हळींतून खाली पुरलेल्या भांड्यात जमायचा.

या ताटातलं किनाऱ्याचं स्वतःचं काय, तर खजूर आणि मासे. वेलची मलबारची, केशर इराणचं. तांदूळ आणि साखर हिंदुस्थानातून गलबतांनी यायची. त्या मालाची किंमत इथली माणसं समुद्राच्या तळाशी जाऊन कमवत. जूनच्या सुमारास मोत्यांचा मोठा हंगाम सुरू होई आणि सप्टेंबरपर्यंत चाले. पाणबुड्यांची सकाळ थोड्या खजुरावर आणि कॉफीवर भागे, कारण भरल्या पोटी बुडी मारता येत नाही. खरं जेवण, भात आणि मासे, अंधार पडल्यावर. नाखवा व्यापाऱ्याकडून उचल घ्यायचा, पाणबुड्या नाखव्याकडून. बापाचं कर्ज मुलाच्या डोक्यावर येई. ते मोती मुंबईच्या बाजारात येत, तिथे त्यांची प्रतवारी होई, भोकं पाडली जात आणि मग ते पॅरिस-लंडनला जात. 1929 ची मंदी आणि जपानचे संवर्धित मोती यांनी हा धंदा बसवला. बलालीतची गोडी ज्या कष्टांतून आली, ते मी पाहुण्याला सांगितल्याशिवाय राहत नाही.

रगाग करणारी बाई हॉटेलच्या दाराशीच बसते. सैल कणकेचा गोळा तापलेल्या लोखंडी तव्यावर हाताने फिरवत ती कागदासारखी पातळ भाकरी काढते, वर अंडं फोडते आणि मह्यावा शिंपडते. हा बारीक मासळी मिठात मुरवून, मोहरी-बडीशेप घालून केलेला पातळ रस. तो पलीकडच्या इराणी किनाऱ्याची देणगी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणने लिंगे बंदरात जकात कडक केली. दुबईचे शेख मक्तूम बिन हशर यांनी आपलं बंदर करमुक्त केलं. लिंग्याचे व्यापारी बायकामुलांसह इकडे आले. बस्तक गावाकडून आलेल्यांनी वाऱ्याचे मनोरे असलेली घरं बांधली. तीच बस्ताकिया, आजची अल फहिदी वस्ती. माणसं आली तशी त्यांची चवही आली.

आणि आपण कुठे आहोत? या साऱ्याच्या मधोमध. दुबईत 1909 साली टपाल कचेरी उघडली ती हिंदुस्थानी टपाल खात्याची. बाजारात रुपयाच चाले. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. 1966 मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि इथल्या राज्यांनी तो सोडला. संयुक्त अरब अमिरात 1971 च्या डिसेंबरात झाली, दिरहम 1973 मध्ये आला. म्हणजे आज सत्तरी ओलांडलेल्या इथल्या माणसाने लहानपणी रगागचे पैसे रुपयांतच मोजलेले असणार.

शेवटी करक चहा येतो, वेलचीचा, आटवलेल्या दुधाचा. तो आपल्याकडच्या कामगारांबरोबर इथे रुजला आणि आता इमिराती माणूस गाडी थांबवून तो पितो.

आखाताशी आपलं नातं व्हिसापासून सुरू झालं, असं रत्नागिरीपासून मुंबईपर्यंत घरोघरी समजतात. मला ते पटत नाही. आपण नोकरी शोधत इकडे येण्याच्या कितीतरी आधी इथले लोक मोती घेऊन आपल्या दारी येत होते आणि आपला तांदूळ घेऊन परतत होते. इथे वाढणाऱ्या मराठी मुलांना हे कळलं, तर ती या देशात केवळ पगारापुरती राहणार नाहीत. शेजाऱ्याच्या घरी राहावं तशी, मान राखून आणि मान घेऊन राहतील.