परीचे प्रेम आणि मराठी संगीत नाटक

सब्ज परी मर्त्य राजपुत्र गुलफामवर भाळते. क्रुद्ध इंद्र त्याला विहिरीत टाकतो, तिचे पंख छाटतो. परी जोगिणीच्या वेषात परतते, गाण्याने इंद्राला प्रसन्न करते आणि बक्षीस म्हणून प्रियकरच मागून घेते. लखनौच्या अमानतने १८५०च्या दशकात रचलेली ही ‘इंदरसभा’ पारशी नाटक मंडळ्यांनी गावोगावी नेली. पुण्यात तिचा प्रयोग पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांना संगीत नाटकाची प्रेरणा मिळाली, असे नाट्येतिहासात सांगितले जाते. तोवर मराठी रंगभूमीवर पात्रांच्या वतीने पदे मुख्यतः सूत्रधार गाई. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी बुधवार पेठेतील आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’ रंगले आणि अप्सरा मेनकेची कन्या शकुंतला आपले प्रेम स्वतःच्या कंठाने गाऊ लागली.