शोभेच्या दारूचे सामान



दिवाळी जवळ आली, की खेड्यातल्या शाळेत एक प्रश्न हटकून निघतो. विज्ञानाचा तास चाललेला असतो, आणि मागच्या रांगेतला एखादा चुणचुणीत मुलगा उठून विचारतो, "गुरुजी, भुईनळा घरी करता येतो का हो? त्याला सामान काय काय लागतं?" वर्गात खसखस पिकते. गुरुजी बहुधा "खाली बस" म्हणतात आणि धडा पुढे चालू करतात.

मला वाटते, या मुलाला खाली बसवू नये. कारण तो बसत नाही. शाळा सुटली की तो काड्यापेटीतल्या काड्यांची डोकी खरवडायला बसतो. त्याला उत्तर द्यावे, आणि ते इतिहासातून द्यावे. शोभेच्या दारूच्या सामानाची यादी फार जुनी आहे, आणि यादीतल्या एकेका जिनसामागे एकेक गोष्ट आहे. त्या गोष्टी ऐकल्या म्हणजे आपण सुरुवात कशापासून करावी, हे त्याचे त्यालाच कळेल.

मुळात ही दारू म्हणजे तीन जिनसांचा संसार. सोरा, गंधक आणि कोळसा. चीन देशात नवव्या शतकाच्या आसपास हे मिश्रण माणसाच्या हाती लागले, आणि १०४४ साली तिथे तयार झालेल्या युद्धशास्त्राच्या एका ग्रंथात त्याच्या कृती लिहिलेल्या सापडतात. कोळसा हे जळण. गंधक लवकर पेट घेणारा, म्हणून तो आगीला पुढे नेतो. आणि सोरा काय करतो? आपल्या गावच्या लोहाराचा भाता आठवा. भाता मारला की विस्तव फुलतो, कारण त्याला वारा मिळतो. सोरा म्हणजे दारूच्या पोटात दडवलेला भाता. त्याच्यात प्राणवायू बांधलेला असतो, आणि तापला की तो मोकळा होतो. म्हणून तर बंद नळीत, जिथे बाहेरचा वारा पोहोचत नाही, तिथेही दारू जळते.

हा सोरा आणत कुठून? खाणीतून नव्हे. जुन्या भिंतींच्या पायथ्याशी, गुरे बांधायच्या जागी, गावाच्या पांढरीत पावसाळ्यानंतर मातीवर पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते, ती आपण पाहिलीच असेल. तिच्यात हा क्षार असतो. बिहारात नोनिया नावाची जमातच ही माती खरवडून, पाण्यात भिजवून, गाळून, आटवून सोऱ्याचे खडे पाडीत असे. पाटण्याकडचा हा सोरा इंग्रज, डच, फ्रेंच अशा साऱ्या कंपन्या जहाजे भरभरून नेत. युरोपातल्या कितीतरी लढायांत आपल्याकडच्या गोठ्यांतल्या मातीचा धूर निघाला आहे!

आणि गंमत अशी, की हाच सोरा पाणी थंड करायलाही वापरीत. अबुल फजलने 'आइन-इ-अकबरी'त लिहून ठेवले आहे, की दारूत जो पदार्थ आग भडकवतो, त्याच पदार्थाने अकबर बादशहाचे पिण्याचे पाणी गार केले जाई. सोरा पाण्यात विरघळला की उष्णता ओढून घेतो. त्या पाण्यात सुरई ठेवली की आतले पाणी गार. गुरुजी, हा धडा तुम्हांला वर्गात दाखवता येईल, आणि तोही सोऱ्याशिवाय. शेतकऱ्याच्या घरचा मूठभर युरिया पेलाभर पाण्यात टाका, ढवळा आणि पेल्याला बाहेरून हात लावायला सांगा. तोच चमत्कार. मग ते पाणी झाडाला घाला. पिण्याच्या भांड्यात मात्र हा प्रयोग करू नका.

आता पुढचे सामान. आपल्या कोकणातले, देवरुखचे एक विद्वान होते, परशुराम कृष्ण गोडे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात त्यांनी जन्मभर हस्तलिखितांची राखण केली. त्यांनी हिंदुस्थानातल्या आतषबाजीचा १४०० ते १९०० असा पाच शतकांचा इतिहास इंग्रजीत लिहिला. तो १९५३ साली बंगळूरला छापला गेला. त्यांना 'कौतुकचिंतामणि' नावाच्या संस्कृत ग्रंथात शोभेच्या दारूच्या कृती सापडल्या. ग्रंथ ओरिसाच्या गजपती घराण्यातल्या प्रतापरुद्रदेव राजाचा. हा राजा १४९७ साली गादीवर आला.

त्या ग्रंथातली सामानाची यादी ऐकण्यासारखी आहे. गंधक, सोरा आणि कोळसा तर आहेतच. शिवाय पोलादाची पूड, साध्या लोखंडाची पूड, तांब्याचा गंज म्हणजे जंगाल, हरताळ, हिंगूळ, गेरू, एरंडाच्या बियांचा गर, बांबूची नळी, भाताची खळ. कोळसासुद्धा कुठलाही चालत नाही. रुईच्या लाकडाचा कोळसा मुद्दाम सांगितला आहे, कारण तो हलका आणि भुसभुशीत असतो. आणि दारूकामाची नावे तरी काय सुंदर! कल्पवृक्षबाण, चामरबाण, चंपाबाण, पुष्पवर्ती, चंद्रज्योती. यांतली चंद्रज्योती तर आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी होती. एका बाणाचे नाव 'छुछुंदरी' आहे, म्हणजे चिचुंद्री. जमिनीवरून सरसर पळणारे दारूकाम तेव्हाही पोरांच्या पायांत शिरत असणार, असे मनात येते.

यादीत लोखंडाची पूड का, असे मुले विचारतील. त्यांना धारवाल्याकडे न्या. त्याच्या चाकावर विळा टेकला की ठिणग्यांचा पिसारा उडतो. तो लोखंडाचा कीसच तापून हवेत जळत असतो. भुईनळ्याची फुले म्हणजे तोच पिसारा, फक्त नळीतून वर फेकलेला. जुन्या काळी दारूत रंग थोडे. सोनेरी आणि पांढऱ्या उजेडाचेच राज्य होते, आणि सगळी करामत या लोखंडाची होती.

म्हणजे पाहा, सामान तसे गावातलेच. माती चाळणाऱ्याचा सोरा, लोहाराचा कीस, कुंभाराचा नळा, बुरुडाचा बांबू, माळावरची रुई. मग गावोगाव, घरोघर दारू का तयार होत नव्हती? कारण सामान सोपे होते, पण हात सोपा नव्हता. हे काम करणारी माणसे वेगळी असत. लेकाने बापाच्या हाताखाली वर्षानुवर्षे नुसते कागद गुंडाळावेत, नळ्या वाळवाव्यात, आणि मग कधीतरी दारूला हात लावावा, अशी रीत. काम वस्तीपासून दूर. हत्यारे लाकडाची, फार तर तांब्या-पितळेची, कारण लोखंड दगडावर घासले तर ठिणगी पडते. एका वेळी थोडेच मिश्रण. ही शिस्त यादीत लिहिलेली नसते, पण खरे सामान तेच.

अशा हातांनी काय काय उभे केले! १४४३ साली हेरातचा वकील अब्दुर रझाक विजयनगरला आला होता. महानवमीच्या उत्सवातले दारूकाम पाहून तो थक्क झाला, आणि ते सारे सांगायचे तर फार लांबेल, असे त्याने लिहिले. आपल्या एकनाथ महाराजांनी सोळाव्या शतकात 'रुक्मिणीस्वयंवर' लिहिले, त्यातल्या लग्नसोहळ्यातही दारूकाम आहे. म्हणजे तोवर ते मराठी माणसाच्या ओळखीचे झालेले होते.

आणि पेशवाईतली हकीकत तर बखरीतच आहे. महादजी शिंदे उत्तरेतून पुण्याला आले ते १७९२ साली. त्यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन सांगितले. तिथला राजा गावाबाहेर दारूची लंका उभी करतो. रावण, राक्षस, वानर, सगळे दारूचे, आणि मधे मोठा हनुमंत. त्याच्या शेपटीला बत्ती दिली, की तो उडत जाऊन लंकेची घरे पेटवीत सुटतो. तरुण पेशव्यांना ते पाहण्याची इच्छा झाली. मग पंधरा दिवसांत पर्वतीजवळ तशी लंका रचण्यात आली. अंधारी रात्र, टेकडीवर पेशवे आणि सरदार, भोवती लोकांची ही गर्दी. बखरकाराने हे सारे हौसेने लिहिले आहे. मात्र लंका रचली कारागिरांनी, आणि लोक बसले होते दूर. हौस पेशव्यांची, हात जाणत्यांचा.

श्रोतेहो, इथपर्यंतची गोष्ट गोड आहे. पुढे एक नवा जिन्नस यादीत आला आणि गोष्ट पालटली. फ्रान्समध्ये १७८६ च्या सुमारास बेर्तोले नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने पोटॅशियम क्लोरेट तयार केले. सोऱ्यासारखेच ते प्राणवायू देते, पण फार उतावळे. सोऱ्याच्या जागी क्लोरेट घालून दारू करावी, असा प्रयोग १७८८ साली पॅरिसजवळ एसोन इथल्या कारखान्यात झाला. पाहायला प्राणवायूचे कोडे उलगडणारा थोर लव्हाझिए आपल्या पत्नीसह आला होता. स्फोट झाला. लव्हाझिए आणि बेर्तोले थोडक्यात वाचले. दोघे जण मात्र जागीच गेले. जगातली शहाण्यांतली शहाणी माणसे तिथे उभी होती, तरी हे घडले. हे त्या मागच्या रांगेतल्या मुलाला आवर्जून सांगा.

याच क्लोरेटमुळे एकोणिसाव्या शतकात दारूला रंग चढले. स्ट्रॉन्शियमचा तांबडा, बेरियमचा हिरवा, तांब्याचा निळा. पुढे मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमने डोळे दिपवणारा पांढरा उजेड आणला. शोभा वाढली, तसा धोकाही वाढला. क्लोरेट आणि गंधक एकत्र आले, की नुसते घासल्याने किंवा आपटल्यानेही मिश्रण पेट घेऊ शकते. जुन्या दारूला ठिणगी तरी लागे. इथे हाताचा धक्का पुरतो. म्हणून भारत सरकारने १९९२ साली फटाक्यांत या दोघांच्या मिश्रणावर बंदी घातली. आणि तो मुलगा ज्या काड्यांची डोकी खरवडतो, त्यांत काय असते? हेच क्लोरेट. बोटे जातात, डोळा जातो, आणि सारे घडते ते क्षणात. पश्चात्तापालाही सवड मिळत नाही.

कायदाही या अनुभवातूनच आला. स्फोटक पदार्थांचा कायदा १८८४ सालचा. त्याखालचे नियम १९४० साली आले, आणि परवाने घेऊन कारखाने उभे राहू लागले. तमिळनाडूतले शिवकाशी त्यात पुढे आले. तिथल्या अय्या नाडर आणि षण्मुग नाडर या दोघांनी कलकत्त्याला जाऊन काड्यापेटीचा धंदा शिकून घेतला होता, आणि १९२३ च्या सुमारास गावी परतून तो सुरू केला होता. त्याच पायावर पुढे फटाक्यांचा धंदा चढला. हल्ली २००८ चे नियम लागू आहेत. थोड्या मालाचा परवाना जिल्हाधिकारी देतात, आणि मोठ्या कारखान्यांचा कारभार जे केंद्रीय खाते पाहते, त्याचे मुख्य ठाणे आपल्या नागपुरात आहे. परवान्यावाचून घरी दारू करणे हा गुन्हा आहे. धुराचा आणि आवाजाचा विचार करून २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने बेरियमच्या क्षारांना आणि फटाक्यांच्या माळांनाही मनाई केली.

एवढी कडक शिस्त असूनही कारखान्यांत अपघात होतात, माणसे दगावतात, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. तिथे हे होते, तर माजघरात पाट्यावर वाटून बघणाऱ्याचे काय होईल?

मग हौशी मुलाने सुरुवात कुठून करावी? माझ्या मते त्याचे पहिले सामान म्हणजे एक वही. गावात एखादे म्हातारे आजोबा असतील, ज्यांनी जत्रेतले दारूकाम आणि देवळापुढच्या उखळीचे बार पाहिले असतील. त्यांच्याजवळ बसावे. नावे लिहून घ्यावीत, कोण कुठून येई, कसे पेटवी, ते विचारावे. आपल्या गावचा हा इतिहास कुठल्याच दप्तरात नाही, आणि ती म्हातारी माणसे काही कायमची पुरणार नाहीत.

दुसरे सामान शाळेतला स्पिरिटचा दिवा. गुरुजी, बांबूची एक काडी मिठाच्या पाण्यात आणि दुसरी मोरचुदाच्या पाण्यात रात्रभर भिजवा, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः एकेक काडी ज्योतीत धरा. मोरचूद विषारी आहे, तेव्हा मुलांचा हात त्याला लागू देऊ नका. मिठाची ज्योत पिवळी दिसेल, मोरचुदाची हिरवी. मग मुलांना सांगा, की 'कौतुकचिंतामणी'त तांब्याचा गंज लिहिला आहे, तोच हा तांब्याचा वंश. आकाशातल्या साऱ्या रंगांची गुरुकिल्ली त्या एका ज्योतीत आहे, आणि तिला स्फोटाची गरज नाही.

आणि एवढे पाहूनही एखाद्याची ओढ कायम राहिली, तर त्याला सांगा, "बाळ, रसायन शीक. मोठा हो, परवान्याच्या कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत जाणत्याच्या हाताखाली उभा राहा." बाणदाराचा मुलगाही आधी वर्षानुवर्षे कागदच गुंडाळत होता. ती वाट लांब वाटेल, पण त्या वाटेने गेलेल्याची दहाही बोटे शाबूत राहतात.