कुंपणाबाहेरची कबर

द्रोणागिरीच्या डोंगरावर पोर्तुगीज अमदानीतील चर्चचे अवशेष आहेत. सोळाव्या शतकात उरण-करंजाच्या किनाऱ्यावर जी श्रद्धा उतरली, तिच्याबरोबर एक कठोर नियमही उतरला. आत्महत्या करणाऱ्यास धर्मविधीने मूठमाती नाही! आज पोर्तुगालमध्ये असलेल्या ब्रागा येथील धर्मपरिषदेने सहाव्या शतकातच असे ठरविले होते. तत्पूर्वी संत ऑगस्टीनने पाचवी आज्ञा स्वतःच्या जिवालाही लागू केली होती. १९१७ च्या धर्मविधिसंहितेनेही ही बंदी कायम ठेवली. मृत्यूपूर्वी पश्चात्तापाची खूण दिसली, तरच सवलत.

हेतू जीवनाच्या पावित्र्याचा होता, हे मान्य. परंतु शिक्षा मृताला होत नसे. ती भोगत असे मागे राहिलेली आई.

१९८३ च्या संहितेतून ही बंदी गळाली. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने आत्महत्येला गंभीर अपराध म्हटलेच. मात्र तीव्र मानसिक विकार, यातना व भय यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते आणि अशांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असेही सांगितले. देशाचा कायदा याबाबतीत ख्रिस्तसभेच्याही मागून आला. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३०९ प्रयत्न करणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याची धार बोथट केली. १ जुलै २०२४ पासून ती दंडसंहिताच गेली.

खरे तर पवित्र शास्त्र या नियमांहून मृदू आहे. एलीया संदेष्ट्याने झुडपाखाली बसून मरण मागितले. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. देव त्याच्याशी बोलला, तो चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर!

मरणाचा विचार मनात येताच कुणी घाबरतो, कुणाला त्याची लाज वाटते, तर कुणाला चक्क सुटका झाल्यासारखे वाटते. घाबरणाऱ्यालाही आधार हवाच; पण ज्याला तो विचार दिलासा वाटू लागला आहे, त्याला क्षणभरही एकटे सोडू नये. त्याला सरळ, नाव घेऊन विचारावे. विचारल्याने तो विचार रुजतो, ही समजूत खोटी आहे. डॉक्टरांकडे त्याच्याबरोबर जावे. पापनिवेदन हा औषधाला पर्याय नव्हे. शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस, विनामूल्य उपलब्ध आहे.

आणि ज्यांना आपण गमावले, त्यांची नावे नोव्हेंबरातील मृतांच्या मिस्सासाठी इतरांच्याच यादीत द्यावीत. वेगळा कागद लागत नाही.