माळेतला शंख आणि त्याची दरी

कप्तान जॉर्ज डिक्सनच्या सफरीचा ग्रंथ १७८९ मध्ये लंडनला छापला गेला. नाव डिक्सनचं असलं, तरी त्यातला बराचसा मजकूर जहाजावरच्या विल्यम बेरेसफोर्डच्या पत्रांचा आहे. परिशिष्टात हवाई बेटांवरच्या एका गोगलगायीच्या छोट्या शंखाचं वर्णन येतं. टोक पिवळसर, म्हणून नाव एपेक्सफुल्वा. हा शंख कुणी रानातून उचललेला नव्हता, भेट मिळालेल्या माळेतून आला होता. ओवलेल्या शंखावरून रंग आणि आकार कळतो. झाड, दरी, उंची यातलं काहीच कळत नाही. गोगलगायीला नाव मिळालं, पत्ता मात्र मिळाला नाही.

दऱ्यांची नावं लिहून ठेवली ती जॉन थॉमस गुलिकने. मिशनऱ्याचा हा मुलगा हवाईतच जन्मला. १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला ओआहू बेटावर एपेक्सफुल्वाच्या अकॅटिनेला गटातले शंख जमवताना कोणता शंख कोणत्या दरीतला, हे त्याने जपलं. त्याच्या संग्रहाची खरी दौलत मला या नोंदींत दिसते. पाऊस तोच, झाडं तीच, दऱ्या शेजारशेजारच्या. तरी शंखांवरचे रंग आणि पट्टे निराळे. परिस्थिती सारखी असूनही नुसत्या वेगळं पडण्याने जीव बदलत जातात, हा सिद्धांत त्याने १८७२ मध्ये मांडला. दऱ्यांची नोंद नसती, तर त्याला पुरावाच उरला नसता. पुढे १९४२ मध्ये वेल्च या अभ्यासकाने ओआहूच्याच कूलाऊ डोंगररांगेतल्या एपेक्सफुल्वावर स्वतंत्र प्रबंधच लिहिला.

जेमतेम दोन सेंटिमीटरची ही गोगलगाय झाडावरच राहायची आणि पानांवरची बुरशी खरवडून खायची. अंडी न घालता एका वेळी एकच पिल्लू द्यायची. अशा संथ वंशाला नवा शत्रू कसा झेपणार? मराठवाड्यातले सोयाबीन उत्पादक ज्या आफ्रिकी शंखी गोगलगायीने हैराण आहेत, तीच हवाईतही पसरली होती. तिला आवरायला १९५५ मध्ये युग्लँडिना ही शिकारी गोगलगाय आणली गेली. तिने स्थानिक गोगलगायींचाच फडशा पाडला. उंदीर होतेच, जंगलही तुटत होतं. १९८१ मध्ये अमेरिकी कायद्याने अख्ख्या अकॅटिनेला गटाला संकटग्रस्त ठरवलं. १९९७ मध्ये एपेक्सफुल्वाच्या उरलेल्या दहा गोगलगायी प्रयोगशाळेत आणल्या. त्यांच्या वंशातली शेवटची, ‘जॉर्ज’, १ जानेवारी २०१९ रोजी मेली. तिच्या पायाचा दोन मिलिमीटरचा तुकडा २०१७ मध्येच काढून सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात गोठवून ठेवला होता.