माजी सैनिक दिन

सशस्त्र सेनादलांतून निवृत्त झालेल्या सैनिकांच्या सन्मानार्थ भारतात प्रतिवर्षी १४ जानेवारी रोजी पाळण्यात येणारा दिवस. तो सार्वजनिक सुटीचा दिवस नाही. भूसेनेचे पहिले भारतीय सरसेनापती जनरल (पुढे फील्ड मार्शल) के. एम. करिअप्पा १४ जानेवारी १९५३ रोजी निवृत्त झाले. त्यावरून ही तारीख ठरली. निवृत्तीनंतरही त्यांनी माजी सैनिकांच्या प्रश्नांत लक्ष घातले व १९६४ मध्ये त्यांच्या अखिल भारतीय संघटनेची स्थापना केली. मराठी वाचकाला या तारखेने पानिपतच्या तिसऱ्या युद्धाचे (१७६१) स्मरण होणे स्वाभाविक आहे. तथापि दिनाच्या निवडीशी त्याचा संबंध नाही.

लढणाऱ्याच्या कुटुंबाची जबाबदारी राज्याने घ्यावी, ही कल्पना महाराष्ट्रात जुनी आहे. प्रतापगडच्या युद्धानंतर (१६५९) छत्रपती शिवाजी महाराजांनी मृत सैनिकांच्या मुलांना सेवेत घेतले व ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या विधवांना अर्धे वेतन बांधून दिले, असे सभासदाच्या बखरीत नमूद आहे. पुढे पेशवाईत अशा कुटुंबांना मिळणाऱ्या नेमणुकीस ‘बालपरवेशी’ म्हणत. या तरतुदी मुख्यतः मृतांच्या वारसांसाठी होत्या. लढून जिवंत परतलेल्या सामान्य शिपायाच्या वाट्याला स्वतंत्र मान क्वचितच आला.

आधुनिक काळातील स्मरणदिनांचा उगम पहिल्या महायुद्धात आहे. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्धविराम झाला. ब्रिटनमध्ये हा दिवस मुख्यतः मृतांच्या स्मरणाचा राहिला, तर अमेरिकेने १९५४ मध्ये त्याचे नाव बदलून तो सर्व माजी सैनिकांचा केला. तेथे मृत सैनिकांसाठी मे महिन्यात वेगळा दिवस आहे. ब्रिटिश अमदानीत भारतातही ११ नोव्हेंबरला खसखशीची कागदी फुले देऊन निधी गोळा करीत. पण त्याचा लाभ प्रामुख्याने ब्रिटिश माजी सैनिकांना मिळे. स्वातंत्र्यानंतर ही विसंगती दूर करणे आवश्यक होते. त्यानुसार १९४९ पासून ७ डिसेंबर हा ध्वजदिन झाला. तांबडा, गडद निळा व फिकट निळा अशा तीन रंगांचे छोटे ध्वज त्या दिवशी देणगीदारांना देतात. जमलेला निधी युद्धात जायबंदी झालेल्यांचे पुनर्वसन, सेवेतील सैनिकांच्या कुटुंबांचे कल्याण आणि माजी सैनिकांचे पुनर्वसन यांसाठी असतो. शाळा, सरकारी कचेऱ्या व जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये यांच्यामार्फत होणारे हे निधिसंकलन महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे.

ध्वजदिनात मात्र माजी सैनिक हा साहाय्याचा धनी ठरतो, हक्काचा नव्हे. समान हुद्दा व समान सेवाकाल असलेल्यांना समान निवृत्तिवेतन मिळावे, या मागणीसाठी २०१५ मध्ये दिल्लीत माजी सैनिकांनी दीर्घ आंदोलन केले. १ जुलै २०१४ पासून ही योजना लागू करणारा आदेश ७ नोव्हेंबर २०१५ रोजी निघाला. त्यातील तरतुदी अपुऱ्या वाटल्याने काहींनी पदके परत करण्याचाही मार्ग अवलंबिला. त्यानंतर दोन महिन्यांनी, १४ जानेवारी २०१६ रोजी, पहिला माजी सैनिक दिन पाळण्यात आला. पुष्पचक्र अर्पण करणे, मेळावे भरविणे आणि वीरपत्नींचा सत्कार हे या दिवसाचे नेहमीचे कार्यक्रम होत. मेळाव्यांतून निवृत्तिवेतनाविषयीच्या तक्रारीही ऐकून घेतात, आणि खेड्यांतून आलेल्या वृद्ध शिपायांच्या दृष्टीने हाच भाग अधिक मोलाचा असतो.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे या प्रश्नाचे स्वरूप विशेष स्पष्ट दिसते. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र तेथे आहे, यांत्रिक पायदळाचेही आहे. १९९४ मध्ये तेथे रणगाड्यांचे संग्रहालय उघडले. शहरालगतच्या नागापूर येथे औद्योगिक वसाहत आहे. शिपाई सामान्यतः चाळिशीच्या आसपास, मुलांची शिक्षणे चालू असतानाच निवृत्त होतो व त्याला दुसरी नोकरी शोधावी लागते. वाहन चालविणे, यंत्रांची दुरुस्ती, संदेशवहन ही सैन्यात शिकलेली कामे कारखान्यांना उपयोगी पडण्यासारखी असतात. तरीही अनेकांना पहारेकऱ्याचेच काम मिळते.