झडीच्या दिवसांतली कथा

पाऊस लागला की घरातल्या सगळ्यांनी मिळून एखादं ओळखीचं कार्टून किंवा ॲनिमेशनपट लावायचा, ही टीव्ही आणि मोबाइलने लावलेली सवय आहे असं सर्रास मानलं जातं. नगर जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, इतिहास बघता हे मला पटत नाही. पावसाळ्यात बाहेरची कामं थांबली की मनाला धीर देणारी, शेवट आधीच ठाऊक असलेली कथा निवडून चारचौघांत ऐकायची, ही रीत या मुलखात किमान अडीचशे वर्षं जुनी आहे. ती पोथीच्या रूपाने आली, आणि कथा कशी निवडायची याचे तिचे निकषही ठरलेले होते. सिनेमाला खेड्यातली ही जागा कधीच घेता आली नाही, त्याचं कारण साधं आहे. खेड्यात सिनेमा यायचा तो तंबूतून. तंबूला कोरडी जमीन लागते, ट्रक गावापर्यंत पोचायला वाट लागते आणि गल्ला भरायला जत्रा लागते. जत्रांचा हंगाम कोरड्या महिन्यांतला. पाथर्डी तालुक्यातली मढीची कानिफनाथांची यात्रासुद्धा होळी ते पाडवा अशी भरते. मृग लागायच्या आत टुरिंग टॉकीजचा तंबू गुंडाळला जाई, तो दिवाळीच्या आसपास पुन्हा उघडे. मधले चार महिने पडदा नसे. ते चार महिने पोथीचे होते.

या जिल्ह्यात पावसाची मुळातच वानवा, तिथे पावसाळी दिवसांची रीत कुठून येणार, असं कुणी विचारील. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला घाटघर-रतनवाडीकडे हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो हे खरं, पण कळसूबाईची रांग उतरून पूर्वेला आलं की पर्जन्यछाया सुरू होते, आणि कर्जत, जामखेड, पाथर्डीकडे वर्षाचा पाऊस सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आसपासच राहतो. पण पाऊस किती पडतो यापेक्षा तो पडल्यावर जमीन काय करते ते महत्त्वाचं. गोदावरी, प्रवरा, मुळा यांच्या काठची काळी जमीन एकदा भिजली की वाफसा येईपर्यंत तिच्यात पाऊल घालता येत नाही. औत चिखलात रुततं, बैल थकतात, ढेकळं बसतात. शिवाय इथलं मोठं पीक रब्बीची ज्वारी. तिची पेरणी भाद्रपद-आश्विनात, त्यामुळे बरंचसं रान आषाढ-श्रावणात पाणी पीत मोकळं पडलेलं असे. बाजरी पेरून झालेली, खुरपणीला उघडीप हवी, आणि तेवढ्यात झड लागलेली. अशा वेळी सक्तीची विश्रांती मिळे. या विश्रांतीत काळजीही असे, कारण हा पाऊस पुरेल की मध्येच दडी मारील याची खात्री कुणालाच नसायची. 1876-77, 1896-97 आणि 1972 या सालांची आठवण या जिल्ह्यात अजून काढली जाते. धीर देणाऱ्या कथेची गरज जिथे पाऊस भरपूर तिथे कमी आणि जिथे तो बेभरवशाचा तिथे जास्त, असं मला वाटतं.

या गरजेला सगळ्यात भरघोस साहित्य मिळालं तेही याच जिल्ह्यातून. राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे कुलकर्णी महिपती (1715–1790) यांनी 1762 मध्ये ‘भक्तविजय’ पुरा केला. त्याचे अध्याय 57. पुढे 1774 मध्ये ‘भक्तलीलामृत’ आलं, त्याचे 51. दोन्ही ओवीत आहेत आणि दोन्ही सरळ वाचून दाखवायला लिहिलेले आहेत. महिपतींच्या आधी नेवाशाला, याच जिल्ह्यात, 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली होती. तिचा मान वेगळा आणि वरचा. पण दिवसभर भिजून आलेल्या, निरक्षर, लेकुरवाळ्या श्रोत्यांना संध्याकाळी धरून ठेवायला गोष्ट लागते, आणि महिपतींनी ती पुरवली. ते एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतात: हे मी मनचं रचलेलं नाही, नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांनी संतांची चरित्रं आधी सांगितली, त्यांच्या आधाराने मी सांगतो. आजचा लेखक आपलं नवेपण पुढे करतो, तर महिपती आपलं जुनेपण पुढे करतात. श्रोत्यालाही तेच हवं होतं. श्रीधरांचे ‘हरिविजय’ (1702), ‘रामविजय’ (1703), ‘पांडवप्रताप’ (1712) आणि मालू नरहरीचा 1819 मधला चाळीस अध्यायांचा ‘नवनाथ भक्तिसार’ यांची लोकप्रियता याच जातीची आहे. नवनाथांच्या पोथीला तर इथे आणखी एक ओढ होती: मढी, वृद्धेश्वर, मांजरसुंब्याजवळचा गोरक्षनाथ गड ही गर्भगिरीच्या डोंगरातली नाथस्थानं ऐकणाऱ्याच्या पायाखालची होती.

पोथी लावणे हा शब्दप्रयोग आजही चालतो. संध्याकाळची जेवणं उरकली की देवळात किंवा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर चौरंग मांडत, त्यावर बासनातून सोडलेली पोथी, शेजारी समई नाहीतर कंदील. वाचणारा चालीवर ओव्या म्हणे आणि दुसरा, बहुधा वयाने मोठा, त्यांचा अर्थ सांगे. घोंगडी पांघरून बसलेल्यांतला एखादा मध्येच ‘हां’ म्हणे, कुणी डुलकी काढी, मुलं आईच्या मांडीवर झोपून जात, आणि तरी कथेचा धागा सुटत नसे. याचं कारण पोथीच्या बांधणीत आहे. नवा अध्याय मागच्याची उजळणी करून सुरू होतो. काल चुकलेल्याला आज सापडतं. प्रत्येक अध्याय स्वतःपुरता पुरा असतो. आणि ग्रंथाच्या शेवटी फलश्रुती असते, म्हणजे शेवट गोड होणार याची हमी ग्रंथच देतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठार रयतेला लुटवलं, बेदरच्या बादशहाचं बोलावणं आलं, मानेवर तलवार लटकली, तरी विठू महार होऊन देव पैसे भरणार हे ओसरीवरच्या लहान पोरालाही माहीत असतं. मग ऐकायचं ते काय? भुकेल्यांची रांग, पंतांच्या बायकोची घालमेल, थैलीतून पडणाऱ्या मोहरा. पुढे काय होईल ही चिंता उरलेली नसल्यामुळे ऐकणाऱ्याचं सगळं लक्ष तपशिलाला मिळतं. दुष्काळ पाहिलेल्या गावात, पाऊस कमी-जास्त होत असताना, कोठार उघडणाऱ्या माणसाची कथा दरवर्षी ऐकावीशी का वाटली असेल हे वेगळं सांगायला नको.

यावर पहिला आक्षेप असा येतो की पोथी ही धर्माची गोष्ट आहे, तिला पावसाळी विरंगुळ्याच्या रांगेत बसवणं हा अधिक्षेप. चातुर्मास शास्त्राने सांगितलेला आहे, आषाढी ते कार्तिकी हा नेमाचा काळ आहे, पुण्य मिळावं म्हणून माणसं ऐकत. हे सगळं खरं. पण शास्त्राने काळ ठरवून दिला, ग्रंथ ठरवून दिला नाही. गहन निरूपणाच्या ग्रंथांची मराठीत कमतरता नव्हती; तरी सामान्यांच्या ओसरीवर वर्षानुवर्षं कथांचे ग्रंथ जिंकत आले, आणि त्यांतही संकट येऊन टळतं अशा कथांचे. ही निवड माणसांनी केली आहे आणि तिच्यात त्यांच्या मनाची गरज दिसते. धर्म आणि दिलासा यांत अंतर पाडणं ही आपली आजची सवय आहे. श्रावणात होणारा गंगागिरी महाराजांचा सप्ताह घ्या. श्रीरामपूर आणि वैजापूरच्या सीमेवर गोदावरीच्या पात्रात असलेल्या सरला बेटाची ही परंपरा. तिथे नामाचा गजर अखंड चालतो आणि गावोगावहून आलेल्या भाकरी आमटीबरोबर हजारोंच्या पंगतीत वाढल्या जातात. तिथे पुण्य किती आणि पोटभर माणुसकी किती, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. ही ओसरी सगळ्यांची नव्हती. देवळात चोखामेळ्याची कथा रंगे आणि चोखोबांच्या जातीची माणसं पायरीच्या खाली, भिजत उभी असत, किंवा तिथेही नसत. ‘भक्तविजया’त कुंभार, न्हावी, दासी, महार सगळे आहेत, जनाबाईबरोबर देव दळायला बसतो. ऐकणाऱ्यांच्या बसण्याच्या जागा मात्र जातीने ठरत. बायकांसाठीही पोथी बहुधा ऐकण्यापुरती होती, हातात घेण्यासाठी नाही. त्यांनी आपली सोय श्रावणातल्या कहाण्यांत आणि जात्यावरच्या ओव्यांत केली. कहाणी ऐकताना हातात तांदळाचे दाणे धरायचे आणि ती सुफळ संपूर्ण झाली की ते वाहायचे, हा नेम बायकांनी पुरोहिताशिवाय चालवला. म्हणून जुन्या रीतीचं कौतुक करताना तिचा दिलासा सारखा वाटला गेला नव्हता हे सांगायलाच हवं. घरातल्या पडद्याने या बाबतीत पोथीपेक्षा बरं काम केलं आहे: त्याच्यापुढे बसायला कुणाची परवानगी लागत नाही.

पोथीकडून हलत्या चित्राकडे जायची वाटही वाटते तितकी लांब नाही. शेवगाव तालुक्याच्या पलीकडे, गोदेच्या त्या काठावर पैठण आहे, आणि पैठण शैलीची म्हणून ओळखली जाणारी चित्रकथींची चित्रं पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जपलेली आहेत. चित्रकथी एकेक चित्र पुढे करत रामायण-महाभारतातली आख्यानं गाऊन सांगत. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी 1892 मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ दाखवायला सुरुवात केली तेव्हा काचेवर हाताने रंगवलेल्या आकृती दिव्याच्या उजेडात भराभर बदलून हालचालीचा भास केला, आणि त्यासाठी निवडली ती प्रेक्षकांना पाठ असलेली पुराणातली आख्यानंच. दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये कुंडीतल्या वाटाण्याचं रोप थांबून थांबून टिपत ‘अंकुराची वाढ’ केली. त्यांच्या हलत्या चित्राचा हा पहिला धडा म्हणजे बी रुजण्याचं दृश्य आहे. नवं तंत्र आलं की जुनी कथा धरायची, हा या सगळ्यांचा शिरस्ता. प्रभातने ‘संत तुकाराम’ (1936) काढला तेव्हा पडद्यावर जे दिसलं त्यातलं पुष्कळसं महिपतींनी दीडशे वर्षं आधी ओव्यांत घालून ठेवलं होतं.

टीव्ही घरात आला आणि पहिल्यांदाच चित्राला पावसाळा मिळाला. तंबू नको, वाट नको, वीज असली की झाली. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली येऊ लागला. तो जपानमध्ये रेखाटलेला होता, पण जंगलातलं पोर शेवटी सुखरूप राहणार हे ज्याला त्याला ठाऊक होतं. आज पावसाळी दुपारी घराघरांत जे ॲनिमेशनपट पुन्हा पुन्हा लागतात, त्यांत जगभर आवडलेला ‘माय नेबर टोटोरो’ (1988) घेऊ. हायाओ मियाझाकींच्या या चित्रपटात खलनायक नाही. आई दवाखान्यात आहे, दोघी बहिणी वडिलांबरोबर खेड्यात आल्या आहेत, भर पावसात बसथांब्यावर वडिलांची वाट बघताना शेजारी एक अगडबंब, केसाळ प्राणी येऊन उभा राहतो, थोरली त्याला छत्री देते, आणि थेंब छत्रीवर पडले की तो हरखतो. पुढे धाकटी हरवते आणि सापडते. संकट आहे, ते खरं आहे, आणि ते टळतं. पहिल्या वेळी बघणाऱ्यापेक्षा पाचव्यांदा बघणाऱ्याला यात जास्त मिळतं. ओसरीवरच्या दामाजीची बांधणी हीच आहे. म्हणून मूल तोच तो सिनेमा मागतं तेव्हा ‘काहीतरी नवीन बघ’ हा आग्रह मला चुकीचा वाटतो. नवीन बघायला कोरडे आठ महिने आहेत.

राहिला शेवटचा आक्षेप: पोथीला माणसं जमत, पडद्यापुढे मूल एकटं असतं. हा आक्षेप बरोबर आहे, पण तो पडद्यावर नाही, बसण्याच्या पद्धतीवर आहे. पोथीच्या बैठकीत दोन माणसं असत, वाचणारा आणि अर्थ सांगणारा. चित्रपटाने वाचणाऱ्याचं काम घेतलं. अर्थ सांगणाऱ्याचं काम त्याला जमत नाही, त्याने ते घेतलंही नाही. दवाखान्यातली आई बरी होते ना, हा प्रश्न मूल पडद्याला विचारत नाही, शेजारी बसलेल्याला विचारतं. त्यामुळे कुठला सिनेमा लावायचा याच्याइतकंच तो लावल्यावर घरातलं कोण तिथे बसून राहणार, हेही निवडीतच धरायला हवं. पोथी लावताना लोक हे आधी ठरवत आणि मगच बासन सोडत.