ओळख, शब्द आणि पत

चिनी व्यापाऱ्यांच्या बोलण्यात ‘ग्वान्शी’ हा शब्द फार येतो. संबंध, ओळखदेख, घरोबा असा त्याचा अर्थ. मालाचा भाव ठरण्याआधी तिथे माणसाची पारख होते. हा कोणाच्या ओळखीचा, अडीनडीला कोणाच्या उपयोगी पडला, हे आधी पाहतात. एकाने जेऊ घातले, भेट दिली, की ते ऋण ध्यानात ठेवायचे आणि वेळ येताच फेडायचे. न फेडणाऱ्याला चारचौघांत तोंड दाखवायला जागा राहत नाही. तुम्ही म्हणाल, यात नवल ते काय? लग्नातल्या आहेराची यादी आपल्याही घरी असतेच की! खरे आहे. चिनी व्यापाऱ्याने ती यादी दुकानात नेली, एवढेच समजा. सरकारदरबारी दाद लागेल याचा भरवसा नसला, म्हणजे माणूस ओळखीचा हात धरतो.

आता आपल्या मुलखात या. जेऊरला सोलापूरकडच्या गाडीत बसा; केम मागे पडले की कुर्डुवाडी येते. या स्टेशनाला पूर्वी बार्शी रोड म्हणत. पुण्याकडून आगगाडी १८६० मध्ये सोलापूरला पोचली, पण बार्शीची मोठी पेठ बाजूलाच राहिली. तिच्यासाठी १८९७ मध्ये अडीच फुटी रुळांची छोटी गाडी सुरू झाली. पुढे ती १९०७ मध्ये तडवळ्याला आणि १९११ मध्ये लातूरला गेली. तिच्या येडशी ते तडवळे या तुकड्याचे काम दोघा भागीदारांनी केले. एक लक्ष्मणराव बळवंत फाटक. यांनी रेल्वेत कारकुनी केलेली. दुसरे वालचंद हिराचंद दोशी, १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेले, कापसाचा आणि सावकारीचा धंदा करणाऱ्या घरातले.

फाटकांना रेल्वेच्या कामाची माहिती, पण गाठीला भांडवल नाही. वालचंदांना बांधकामाचा अनुभव नाही, पण सोलापूरच्या बाजारात घराण्याची पत मोठी. एकाचे ज्ञान आणि दुसऱ्याची पत, अशी ही जोडी जमली. एक ब्राह्मण कारकून, एक गुजराती जैन सावकारपुत्र. जातगोत एक नाही, भाऊबंदकी नाही. मला तर या भागीदारीत हीच गोष्ट मोठी वाटते. आपली व्यापारी ओळख बहुधा जातीच्या उंबऱ्याशी अडते. ही उंबरा ओलांडून गेली.

पुढे वालचंदांची ही सवयच झाली. गाडीत, बोटीत, विमानात, भेटेल त्याच्याशी बोलायचे. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची ‘लॉयल्टी’ ही आगबोट विकाऊ आहे, ही बातमी त्यांना आगगाडीतल्याच गप्पांत लागली. पण बोट घेणे एकट्याचे काम नव्हे. नरोत्तम मोरारजी पाठीशी आले. सोलापूरची जुनी गिरणी काढणारे मोरारजी गोकुळदास, त्यांचे हे चिरंजीव. म्हणजे सोलापूरचा धागा इथेही आहेच. लल्लूभाई सामळदास, किलाचंद देवचंद हेही मिळाले. सिंदिया कंपनी उभी राहिली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून इंग्लंडला निघाली. १९३९ मध्ये अमेरिकेहून परतताना विमानप्रवासात त्यांना पॉली नावाचे अमेरिकन गृहस्थ भेटले. हे चीनमध्ये विमाने बांधण्याचा कारखाना चालवीत होते. त्या ओळखीतून, म्हैसूर संस्थानाच्या साह्याने, डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी निघाली.

मात्र पहा, गाडीत गप्पा मारणारे पुष्कळ असतात. समोरच्याने शब्द टाकावा, तर हा माणूस पैसा उभा करील आणि काम पुरे करील, ही खात्री आधी लागते. वशिला आणि पत यांतला फरक तो हाच. वशिल्याने दार उघडते, पण पुढचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते.

आणि ज्याच्याजवळ पतच नाही, त्याचे काय? ही बाजू झाकून चालणार नाही. आपल्या कुणब्याचेही सावकाराशी पिढ्यान्‌पिढ्यांचे संबंध होते. लग्नकार्याला पैसा तिथून, बियाण्याला तिथून, सारा भरायलाही तिथूनच. हाही घरोबाच; पण वही एकाच्या हाती आणि अंगठा दुसऱ्याचा. कापसाची तेजी ओसरली, सारा वाढला, सावकारांनी हात आखडले, जप्त्या आल्या. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. दंग्याचे हे लोण गावोगाव पसरले. लोकांचा राग मुख्यतः कागदांवर होता. कर्जरोखे काढायचे आणि जाळायचे.

चौकशी झाली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. पुणे, सातारा आणि अहमदनगर यांच्याबरोबर आपला सोलापूर जिल्हाही त्यात होता. कर्जाचा कागद सरकारी नोंदणी कारकुनासमोर व्हावा असे त्यात ठरले. शिवाय भरलेल्या पैशाची पावती आणि मागितल्यास हिशेबाचा उतारा, या दोन्ही गोष्टी सावकाराने कुळाच्या हाती द्याव्यात, असेही त्यात लिहिले होते.